वीसच्या वाटेवर पंचावन्न

गाडी हळू चालवायला अक्कल लागते, जोरात चालवायला नुसता उतार पुरतो, हे वाक्य माझं आहे. मी ते इतक्यांदा ऐकवलं आहे, की आमच्या ग्रुपातल्या डॉक्टरीणबाई मी "गाडी हळू" म्हटलं की उरलेलं स्वतःच म्हणून टाकतात. माझं वय सत्तेचाळीस. वरळीच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची टिपणं दुरुस्त करायची, लालबागला राहायचं आणि सुट्टीत माती-वाळूत मोटरसायकल घालायची, हा माझा संसार. आई म्हणते, "लोकांच्या मुली या वयात भजनाला जातात." मी म्हणते, मी पण जाते, माझं भजन पेट्रोलवर चालतं.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघंच. फणसवाडीचे डॉक्टर नवरा-बायको, त्यांच्या दोन वेगळ्या गाड्या, कारण एका गाडीवर बसले की भांडतात. प्रभादेवीचे एक बँकवाले, स्वभावाने इतके मवाळ, की सिग्नल हिरवा झाला तरी मागच्याला विचारून निघतील. त्यांची गाडी मात्र जुनी आणि तोंडाळ. ते कोपऱ्यावर आले की आमच्या पाचव्या मजल्यावरची भांडी वाजायची. आणि चौथी मी, नियम करणारी. जी वाट आधी चालून पाहिली नाही तिथे गाडी घालायची नाही. वाळूच्या टेकाडांवर चढायचं नाही, तिथली वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल तुटली की मागोमाग वाळू जाते. गुरं दिसली की इंजिन बंद. माणूस दिसलं की पाऊल टाकायच्या वेगाने. हे सगळं मी कागदावर लिहून चौघांच्या सह्या घेतल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "आमच्या लग्नाला पण एवढ्या अटी नव्हत्या." बाई म्हणाल्या, "असायला हव्या होत्या."

सराव लालबागमध्येच व्हायचा. ज्याला अवघड वाट शिकायची असेल त्याने गणपतीच्या आधीच्या रविवारी आमच्या गल्लीतून पाय न टेकता गाडी काढून दाखवावी. एका बाजूला मखरं, दुसऱ्या बाजूला हार, मधे कोणीतरी सेल्फी काढत उलटं चालतंय. मिरची कांडणाऱ्या गिरण्यांसमोरून जाताना तर हेल्मेटची काच उघडी ठेवायची मी सक्तीच केली होती. शिंका आवरत तोल सांभाळता आला, की खडकाचं काही वाटत नाही. बँकवाल्यांना या परीक्षेत कायम पैकीच्या पैकी. मला एकदा पाय टेकावा लागला होता, पण तो विषय आम्ही काढत नाही.

माझा मामा परळच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तो मालवणच्या खालच्या अंगाला आपल्या गावी जाऊन राहिला. त्या गावाला समुद्राच्या कडेने जाणारी एक वाट आहे, अर्धी लाल माती, अर्धी वाळू, मधेच कातळ. आमच्यासारख्यांना ती पाहिली की तोंडाला पाणी सुटतं. पण वाट साऱ्या गावाची. मासे डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायका, सायकलवरची शाळकरी पोरं, बैल, म्हातारे, सगळे तिथूनच जातात. सुरुवातीलाच हाताने रंगवलेली पाटी आहे, "गाडी २० च्या वर नको. माणसां चलतत." मागे कुठून तरी आलेल्या एका टोळक्याने तिथे गोंधळ घातला होता, तेव्हापासून बाहेरच्या मोटरसायकलींना गावाने वाट बंदच केली होती. मामाने देवळातल्या बैठकीत उभं राहून आमच्यासाठी शब्द टाकला. "माझी भाची आसा त्येंच्यात. ती पाटी वाचता," म्हणाला. तेवढ्यावर परवानगी मिळाली.

आम्ही दिवाळीनंतर गेलो. पहिल्या दिवशी वाट चालून पाहिली, दोन दिवस गुणी बाळासारख्या गाड्या चालवल्या. बायका हात करायला लागल्या. पोरं आमच्याशी सायकलची शर्यत लावून जिंकायला लागली आणि मी त्यांना जिंकू देत होते, हे मला फार मोठ्या मनाचं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी, निघायच्या आदल्या संध्याकाळी, मी सगळ्यांच्या पुढे होते. ओहोटी लागलेली, वाळू ओली, कडक, सपाट, आणि समोर वळणापर्यंत कोणी म्हणजे कोणी नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकही सूत्रवाक्य आलं नाही. फक्त "एकदाच" एवढं आलं. मनगट फिरवलं. तीस, चाळीस, पंचावन्न. काय सांगू, फार छान वाटलं. खोटं कशाला बोलू?

वळणावर डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी होती.

ब्रेक लावले, मागचं चाक सरकलं, गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर आडवी होऊन थांबली. लागलं कोणालाच नाही. म्हातारी मटकन खाली बसली आणि सुक्या बांगड्यांची टोपली वाळूत उपडी झाली. आता उतरायचं, काच वर करायची, "आज्ये, लागला नाय मां?" म्हणायचं. जन्मभर जिचं तोंड बंद नसतं त्या बाईचं तोंड तेव्हा उघडलं नाही. काच तशीच खाली ठेवून मी हात जोडले आणि गाडी आडवाटेला वळवून पळाले. हो, पळाले.

मागून बँकवाले आले, पंधराच्या वेगाने, गाव दणाणून सोडत. ते थांबले, हेल्मेट काढलं, म्हातारीला पाणी दिलं आणि एकेक बांगडा झटकून टोपलीत भरत बसले. तेवढ्यात वाडीतली माणसं जमली. त्यांनी काय पाहिलं? घाबरलेली म्हातारी, सांडलेली टोपली आणि सगळ्यात मोठ्या आवाजाच्या गाडीचा मालक. आमची जॅकेटं आणि हेल्मेटंही एकसारखी, माझ्याच आग्रहाने घेतलेली. म्हातारीला मोतीबिंदू, तिला फक्त गाडी दिसली होती. गेलेलाच लाजून परत आला, असं सगळ्यांनी धरलं.

"मी नव्हतो हो," बँकवाले म्हणाले.

"मग कोण, ही बाई?" कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं आणि सगळे हसले. मी तोवर मागच्या वाटेने येऊन उभी राहिले होते. मी पण हसले. या सगळ्या प्रकरणात मला पंचावन्नची नाही एवढी त्या हसण्याची लाज वाटते.

गावाने निकाल दिला, तो आवाजवाला पुन्हा नको. बाकीचे दोघे मामाच्या भाचीबरोबर आहेत, ते चालतील. परतताना चहाला थांबलो तेव्हा बँकवाल्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही पुढे होतात. तुम्हाला कोणी दिसलं का हो?"

"नाही बुवा," मी म्हटलं आणि भजी मागवली.

पुढचे चार महिने मी नियम आणखी कडक केले. अपराधी माणूस शिस्तीचा फार भोक्ता होतो. कागदावर दोन कलमं वाढली आणि बँकवाल्यांनी त्यांवरही मुकाट्याने सही केली. दुसरा कोणी असता तर ग्रुप सोडून गेला असता. हा गृहस्थ दर रविवारी परळच्या पुलाखाली येऊन माझं व्याख्यान ऐकायचा. मी रोज ठरवायचे, उद्या सांगू. मग मामाचा विचार यायचा. माझं नाव निघालं तर बैठकीत त्याच्या शब्दाची काय किंमत राहील? हे कारण खरं होतं आणि सोयीचंही होतं.

मार्चमध्ये मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आला. त्याचं परळला ऑपरेशन झालं, महिन्याभराने तिथल्या डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली. तो बसने आणि आम्ही तिघं गाड्यांवर, असं गावी जायचं ठरलं. शनिवारी सकाळी सहाला गाड्या बिल्डिंगच्या गेटपाशी लावल्या. बँकवाले येणार नव्हते, तरी निरोप द्यायला आले. मला एक जादा ट्यूब दिली. "असू द्या ताई, त्या कातळावर लागते."

आमच्याकडे कुठलंही काम काढलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. जाणत्याने हातात नारळ धरून देवाला सगळं सांगायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मामा काळा चष्मा लावून गाड्यांपुढे उभा राहिला. झाडूवाल्या मावशी थांबल्या. आमचा वॉचमन जौनपूरचा, त्यानेही टोपी काढून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ही लेकरां आज तुझ्या वाटेक लागतत, त्येंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत आडवा-तिडवा काय येवक देव नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वॉचमन सगळ्यांच्या वर.

"आणि म्हाराजा, हो बँकवालो. माणूस वायट नाय. वेगाच्या भरात म्हाताऱ्या माणसाक भियवल्यान. ती त्येची चूक पदरात घे आणि तेका बुद्धी दे, रे म्हाराजा!"

बँकवाल्यांनी डोळे मिटले होते, हात जोडलेले होते. आपल्यावरच्या खोट्या आरोपाला तो माणूस मान तुकवून होकार द्यायला निघाला होता.

"नाय म्हाराजा!" मी ओरडले.

गाऱ्हाण्याला नाही म्हणणारं माणूस आमच्या सात पिढ्यांत झालं नसेल. एक टॅक्सीवाला गाडी थांबवून बघायला लागला. मामाने चष्मा वर केला. "काय गो?"

"ती मी होतंय, मामा. पंचावन्नार होतंय. आणि पळान गेलंय."

मामाने माझ्याकडे रोखून पाहिलं. नव्या डोळ्याने त्याला सगळं स्वच्छ दिसत असावं. पण गाऱ्हाणं मधेच सोडता येत नाही. त्याने नारळ पुन्हा दोन्ही हातांत धरला.

"बा देवा म्हाराजा, चूक ह्या माझ्या भाचयेची. वेगान गेली ती एक, लपयल्यान ती मोठी. आता आपल्या तोंडान बोलली हा. तिची गाडी हयच रवांदे, तिका त्या वाटेर पायांनी चलवन ने, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळेच म्हणाले. डॉक्टरीणबाईंचा सूर मला जरा जास्तच उत्साही वाटला. मग मलाही म्हणावं लागलं.

मामाने फुटपाथवरूनच गावी फोन करून बँकवाल्यांसाठी वाट मोकळी करून घेतली. बँकवाले घरी जाऊन अर्ध्या तासात कपडे घेऊन आले आणि डॉक्टरांबरोबर निघाले. संध्याकाळी मी मामाच्या शेजारी बसमध्ये बसले. सकाळी उतरताना तो म्हणाला, "बैठकीत मी सांगतंय. म्हातारेक तू सांग."

गाडीवर जी वाट दहा मिनिटांत सरायची, ती चालायला मला पाऊण तास लागला. म्हातारी अंगणात वाळत घातलेले बांगडे परतत बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं, काच, हात जोडणं, पळणं, हसणं. तोंड भरून शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने माझा हात धरला, चेहरा जवळ आणला आणि विचारलं, "तुझ्या घरातला माणूस वाचला मां गो?"

"कोण माणूस, आज्ये?"

"तू तेव्हा पळत होतंस मां. म्हटलंय, घरात कोणतरी अखेरचा आसतला. नायतर इतक्या वेगान कोण कित्याक जायत? माझे बांगडे रवले बाजूक. नाव म्हायत नाय, तरी रोज दिवो लावताना म्हणतंय, देवा, त्या गाडयेवाल्याचा माणूस बरा कर."

पाच महिने, रोज.

"बरी आसा, आज्ये," मी म्हटलं. "आई बरी आसा." आणि मला रडू आवरेना.