राइम टाइममधला एकुलता एक बाबा

इंग्लंडमधल्या आमच्या मेडनहेडच्या लायब्ररीत दर सोमवारी सकाळी राइम टाइम असायचा. आम्ही वीसेक आया बाळांना मांडीवर घेऊन गोल बसायचो आणि गाणी म्हणायचो. त्या गोलात बाबा एकच, कोरियन. लेकीला लांब कापडानं पाठीशी घट्ट बांधून यायचा आणि गाणी संपली की थर्मासमधून भाताची पेज काढून तिला भरवायचा. अगदी आपल्याकडची पेज, फक्त तूप नसलेली.

मला त्याची फार कीव यायची. सोमवारी सकाळी धडधाकट पुरुष मूल घेऊन बसलाय म्हणजे नोकरी गेली असणार, दुसरं काय! घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो जवळच्या ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये, आणि कुणाची नोकरी गेली असं कळलं की आमच्या लोकांना मदतीचं भरतं येतं. "त्याचा सीव्ही मागून घे. मी आमच्याकडे रेफर करतो," तो म्हणाला.

पुढच्या सोमवारी मी खरंच सीव्ही मागितला. तो आधी गोंधळला, मग इतका हसला की पाठीवरची लेक हिंदकळली. "माझी नोकरी सोलमध्ये शाबूत आहे," तो म्हणाला. "बायकोची इथे बदली झाली, म्हणून मी पालकत्वाच्या रजेवर आहे."

धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. पण चौकशी सोडवेना. त्यांच्याकडे आईची रजा वेगळी आणि बापाची वेगळी. बापानं घेतली नाही तर ती आईला मिळत नाही, वायाच जाते. शिवाय रजेत सरकारी भत्ता, बाळंतिणीच्या मदतीला घरी प्रशिक्षित बाई, पाळणाघराचाही बराचसा भार सरकारवर. ऐकताना मला सरळ सरळ हेवा वाटला. किती बारकाईनं विचार केला होता कुणीतरी!

"माझ्या साहेबांचं तोंड मात्र उतरलं," तो म्हणाला. "आणि एवढं करूनही आमच्याकडे मुलं कमीच होताहेत. पण रजा माझ्या नावाची होती. मला फक्त मागायची होती."

ते मागणं माझ्या डोक्यातून जाईना. कारण माझ्या लॅपटॉपमध्ये राजीनाम्याचं पत्र तयार होतं. बाळ नऊ महिन्यांचं झालं की मला कामावर जायचं होतं, तसं ऑफिसला कबूल केलं होतं आणि तिथलं काम त्यापुढे थांबणार नव्हतं. पण पाळणाघरात जागा मिळायला त्यापुढे तीन महिने होते. सासूबाई सहा महिने राहून पुण्याला परतल्या होत्या. माझ्या उरलेल्या रजेतले तीन महिने नवरा घेऊ शकत होता, इथल्या कायद्यात तेवढी सोय आहे. पण त्याचं एकच पालुपद, "आमच्या टीममध्ये आजवर कुणी घेतली नाही गं."

त्या संध्याकाळी माझा पारा चढला. "परक्या माणसाला नोकरी मिळवून द्यायला निघाला होतास. घरातल्या बाईची चाललीये, ती दिसत नाही?"

दुसऱ्या दिवशी तो मॅनेजरकडे गेला आणि रजा घेऊन आला.

महिन्याभरानं सोमवारच्या गोलात दोन बाबा बसले आणि मी ऑफिसात. दुपारी सासूबाईंचा फोन आला. लेकाला भर दुपारी घरी, बाळाला भरवताना व्हिडिओ कॉलवर पाहिलं होतं त्यांनी. दबक्या आवाजात म्हणाल्या, "खरं सांग हं. त्याची नोकरी गेली का गं?"

"नाही हो आई. रजेवर आहे. मूल सांभाळायची रजा, बापांनाही मिळते."

माझा नवरा जन्मला तेव्हा त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी सोडली होती, हे मला माहीत होतं.

"मी राजीनामा दिला तेव्हा," त्या म्हणाल्या, "ह्यांना रजा घ्याल का विचारावं, हे मला सुचलंसुद्धा नाही गं."