दोऱ्याने बांधलेल्या चॉकलेटच्या वड्या

हिंदी मुलखातल्या आमच्या रांझीत विनता ढोमणे कोण म्हणून विचाराल तर पानठेलेवालाही ‘माहीत नाही’ म्हणून मान हलवेल. ‘चॉकलेटवाली चाची’ म्हणा, थेट दारापर्यंत आणून सोडेल. आम्ही मराठी घरचे तिला वहिनी म्हणायचो.

तिचा नवरा तुळशीराम दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत बारूद भरायच्या सेक्शनला होता. तिथे स्फोट झाला आणि तो गेला. चौकशी बसली, आणि मृताच्या खिशात लोखंडी वस्तू असावी, एवढं सांगून उठली. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून चौकशीवाल्यांना तो फार सोयीचा. तेवढ्यावर नवऱ्याच्या जागी वहिनीला मिळायची अनुकंपेची नोकरी गेली, क्वार्टरही गेलं.

हे ज्याने ठरवलं त्याने तिचं घर पाहिलं नव्हतं. त्या सेक्शनमध्ये जाताना काडेपेटी, किल्ली, खिळ्यांची चप्पल, सगळं बाहेर ठेवावं लागतं. लोखंड घासलं की ठिणगी, आणि ठिणगी म्हणजे मरण. वहिनीने हा कायदा घरातही आणला होता. नवऱ्याच्या शर्टाला कधी टाचणी लागली नाही. पायजम्यात नाडी ओवायला सगळं जग सेफ्टी पिन घेतं, ती झाडूची काडी घ्यायची. अशा बाईच्या नवऱ्याच्या खिशात म्हणे लोखंड.

पुढे ती एका साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकाला लागली. साहेबाची बदली झाली तेव्हा मेमसाब जाताना एक गोल ओव्हन आणि केक मिक्सची दोन खोकी देऊन गेली. खोक्यावरचं इंग्रजी वहिनीला येत नव्हतं, तिने चित्रांवरून ओळखलं. चित्रात अंडी होती. अंडं सगळ्यांना चालत नाही म्हणून तिने दही घातलं, तर केक फुगेना. मग तिने फुगवायचा नादच सोडला. खोक्यातलं पीठ, तेल, थोडं दही, घट्ट गोळा. तुपाचा हात लावलेल्या ताटलीत तो थापायचा. चॉकलेटची स्लॅब सुरीच्या पाठीने फोडून तुकडे वरून दाबायचे आणि कडा लालसर होईपर्यंत भाजायचं. गरम असताना सुरी लावली की भुगा, म्हणून पुरतं निवल्यावर बर्फीसारख्या वड्या पाडायच्या.

“यात माझं काय आहे?” ती म्हणायची. “अर्धं काम तर कंपनीवाल्यानं खोक्यातच करून ठेवलं.”

पुढे तसलीच खोकी विकत आणून या वड्या ती फॅक्टरीच्या गेटबाहेर विकायची. कागदाची पुडी, वर पांढरा दोरा. कामगारांना गोडी लागली, आणि एका उन्हाळ्यात कॅन्टीन कमिटीचे सेक्रेटरी भय्यासाहेब यांनी तिला आत, कॅन्टीनच्या ओसरीत एक टेबल दिलं. दिवाळीपर्यंत रोजच्या चिठ्ठीवर आत येऊन नीट चालवलं तर काउंटर पक्का, तिच्या नावाचा गेटपास पक्का. वहिनीला विक्रीपेक्षा तो पास हवा होता. ज्या गेटाने नवऱ्याला गुन्हेगार ठरवून बाहेर टाकलं, त्याच गेटातून तिला मान वर करून आत जायचं होतं. हे ती बोलायची नाही, पण टेबल मिळाल्यापासून इस्त्रीची साडी नेसायची.

तेवढ्यात कारगिल पेटलं. फॅक्टरीत ओव्हरटाइम लागला, माणसं घरी फक्त झोपायला जायची. वड्या टिकतात, पोटाला आधार देतात, म्हणून मागणी वाढतच गेली. जूनचं ऊन, पत्र्याची खोली, त्यात ओव्हन. लाइट गेली की थांबायचं, आली की पुन्हा ताटली आत. एका दुपारी लाइट फार वेळ गेली. माल तयार झाला तेव्हा ऑटोवाला दारात भोंगा वाजवत होता, आणि पुड्या बांधता बांधता दोरा संपला. शेजारची बेबी शाळेत शिकवायची. तिने आपला स्टेपलर आणून दिला. “दीदी, दोन मिनिटांचं काम आहे,” म्हणाली. वहिनीने विचार केला, कॅन्टीन तर बारूदच्या सेक्शनपासून लांब, बाहेरच्या अंगाला आहे, लोक तिथेच खातात. उरलेल्या पुड्यांना तिने पिना मारल्या.

शशिकांत त्याच सेक्शनचा, नुकतंच लग्न झालेला. खायला वेळ मिळाला नाही म्हणून त्याने पुडी खिशात घातली आणि तसाच आत निघाला. दारातल्या झडतीत ती सापडली. वड्या राहिल्या बाजूला, सगळे त्या पिनेकडे बघत राहिले. लढाईचे दिवस, बारूदच्या दारात लोखंड. घातपाताची भाषा सुरू झाली. शशिकांत सांगत राहिला की पुडी घेतली तशीच आहे. कोणी ऐकेना.

वहिनीला सिक्युरिटीच्या ऑफिसात बोलावलं. शेजारी म्हणून मी सोबत गेलो. बाहेर भय्यासाहेबांनी तिला बाजूला घेतलं. “वहिनी, तुमच्या पुड्या दोऱ्याच्या असतात, सारी फॅक्टरी जाणते. आत फक्त तेवढंच सांगा. काउंटर वाचेल.”

माणूस वाईट नव्हता. मला वाटलं ती ऐकेल. खरं सांगायचं तर मीही अडवलं नसतं.

आत जाऊन ती उभीच राहिली. “पिन मी लावली,” म्हणाली. “त्याचं नाव लिहू नका.”

अधिकाऱ्याने दोघांचीही नावं लिहिली. तिचं टेबल गेलं, पासाचा विषय संपला. खाण्याची वस्तू आत नेत होता म्हणून शशिकांत सस्पेंड झाला, आणि लढाई जिंकल्याचे पेढे वाटले गेले तरी कामावर परत आला नाही. त्या दिवशी उठताना अधिकारी म्हणाला, “इस घर की तो आदत ही है.” मी टेबलावर हात आपटला, तर शिपायांनी मलाच धरून बाहेर काढलं. त्या एका वाक्याने तुळशीरामही पुन्हा दोषी ठरला होता, आणि आता बोलायला तिच्याजवळ जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी शशिकांतची आई रांझीत येऊन भर रस्त्यावर उभी राहिली. कबुली देऊन काय उपकार केलेस, माझं पोरगं तूच बुडवलंस, म्हणाली. वहिनीने दार उघडं ठेवून सगळं ऐकून घेतलं. बाई खोटं तर बोलत नव्हती.

आता वहिनी रिछाईला एका टोस्टच्या कारखान्यात पॅकिंग करते. ओव्हन बेबीला देऊन टाकला. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा मी विचारलंच, की वहिनी, तेव्हा कबूल काहून केलं?

ती चपला शोधत होती.

“शशिकांत वाचला असता तर सांगितलं असतं, मोहनभाऊ,” म्हणाली. “तो बी नाही वाचला. आता काय सांगू?”

मला उठवलं. तिला पाळीला उशीर होऊन राहिला होता.