छत्तीसच्या बेसची वही

सोनकांबळे सर सकाळी ऑफिसात आले की चहाच्या आधी मशीनला एक चुकीचा आकडा खायला घालायचे. आठच्या बेसमध्ये, म्हणजे दहाऐवजी आठावर मोजायच्या पद्धतीत, शून्य ते सात एवढेच अंक चालतात. सर मुद्दाम मधेच एक नऊ घुसवायचे आणि हाताची घडी घालून बसायचे. प्रोग्रॅमनं आकडा नाकारला की म्हणायचे, "शाबास. न्हाई म्हणता येतंय तुला." मगच चहा. एकदा त्यानं नवाच्या अलीकडचे अंक वाचले, पुढचे सोडून दिले आणि तेवढंच उत्तर निमूटपणे पुढं केलं. त्या दिवशी सरांनी चहाला हात लावला नाही. "येत न्हाई तर येत न्हाई म्हणावं. अर्धं वाचून गप बसायचं ही लबाडी हाय," असं दिवसभर चाललं होतं.

आमचं ऑफिस विष्णुपुरीच्या रस्त्याला, हार्डवेअरच्या दुकानावर. माणसं सहा. शंभर शंभर अंकी आकडे सांभाळणारी एक लायब्ररी आम्ही लिहीत होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमनी आयता वापरावा असा कोड. तो आकडे कुठल्याही बेसमध्ये वाचायचा, दोनपासून छत्तीसपर्यंत. नऊच्या पुढं अंक संपतात, तिथून ए ते झेड ही अक्षरं अंकांचं काम करतात, म्हणून छत्तीस. हे वाचन बरोबर होतंय का ते तपासायचं काम सरांचं आणि माझं.

सर मूळचे लातूरचे. ज्युनियर कॉलेजात तासिकेवर गणित शिकवण्यात वीस वर्षं गेली, कायम कोणी केलं नाही. पन्नाशीत आमच्याकडे आले. आयुष्यातली ही त्यांची पहिली नोकरी, जिथं गळ्यात नावाचं कार्ड होतं. ते कार्ड शनिवारी लातूरच्या एसटीत बसल्यावरसुद्धा ते काढत नसत. मी त्यावरून चिडवायची. "अगं माय, काढलं आन् हरवलं तर?" असं खरोखर काळजीनं म्हणायचे.

मी भोकरची, डिग्री हातात आणि अक्कल शून्य. पहिल्या दिवशी मी आकडा मशीनला दिला, उत्तर आलं, ते चाचणीच्या फाईलमध्ये 'बरोबर उत्तर' म्हणून चिकटवलं आणि चाचणी चालवली. हिरवं! सर मागं उभे होते.

"काय करलालीस?"

"टेस्ट लिहितेय, सर. पास झाली."

"होणारच की. पोराला विचारून पोराचाच पेपर तपासलीस तू." आणि मग ते वाक्य, जे पुढं मी हजारदा ऐकलं: "मशीनला विचारून मशीनची परीक्षा घ्यायची न्हाई."

त्यांची स्वतःची एक लांबट वही होती. प्रत्येक उत्तर आधी तिच्यात हातानं काढायचे. छत्तीसच्या बेसचा लांब आकडा दहाच्या बेसमध्ये, आपल्या रोजच्या आकड्यांत, आणायचा म्हणजे दोन-दोन पानं गुणाकार. मग ते वहीतून एकेक अंक मोठ्यानं वाचणार, मी स्क्रीनवर बोट ठेवून 'हाव' म्हणणार. शून्याला ते जुन्या मास्तरांसारखं पूज्य म्हणायचे. "सात, तीन, पूज्य, पूज्य, नऊ." "हाव, हाव, हाव..." बाकीचे चौघं हसायचे. एकानं तर आमचं नाव आरती मंडळ ठेवलं होतं. सरांना राग यायचा नाही. फक्त म्हणायचे, "चूक सापडली की ज्याची हाय त्याच्या हातात द्यावी. गावभर वाटू न्हाई, आन् दुसऱ्याच्या पदरात तर बिलकुल टाकू न्हाई."

आणि मी नेमकं तेच केलं.

त्या शुक्रवारी सर बायकोला दवाखान्यात न्यायचं म्हणून एक दिवस आधीच लातूरला निघाले. जाताना घाईत, न चालवताच, एक नवी चाचणी घालून गेले: छत्तीसच्या बेसचा मोठा आकडा, बरोबर मध्यावर चार पूज्यं. शनिवारी दुपारी काम ग्राहकाकडे जायचं होतं. त्या सकाळी मी सगळ्या चाचण्या चालवल्या आणि ती एकटी लाल. मॅनेजर माझ्या खुर्चीला हात टेकून उभा. "एक हाय ना फक्त? सरांचाच गुणाकार चुकला असंल बघ. हातानं करतेत ते."

मला वाटलं, असेल. खोटं कशाला सांगू, मला तसं वाटायला हवं होतं. मी मशीननं दिलेलं उत्तर उचललं आणि सरांच्या उत्तराच्या जागी चिकटवलं. सगळं हिरवं. चाचणीचं मशीन एकच, त्यावरचं लॉगिन सरांच्या नावाचं आणि अहवालाखाली नावही त्यांचंच.

सोमवारी सरांनी विचारलं, "सगळं हिरवं?"

"हाव, सर."

एवढंच. सांगायला तो एक श्वास पुरला असता.

ग्राहक त्या लायब्ररीनं औषधांच्या खोक्यांवरचे लांब क्रमांक वाचत होता. महिन्याभरात तक्रार आली की दोन वेगळ्या खोक्यांना एकच आकडा लागतोय. शोधलं तर कळलं, प्रोग्रॅम लांब आकडा तुकडे पाडून वाचतो, आणि छत्तीसच्या बेसमध्ये एखादा तुकडा शून्यानं सुरू झाला की ती शून्यं गिळून टाकतो. सरांची चाचणी नेमकी तीच चूक धरून उभी होती. बैठकीत वही उघडली. वहीत उत्तर बरोबर, फाईलमध्ये चूक.

"म्हणजे सर, उतरवताना तुम्ही चुकलात," मॅनेजर म्हणाला. माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. त्या शनिवारी तो माझ्याच खुर्चीमागं उभा होता!

सरांनी वही डोळ्यांजवळ नेली, मग स्क्रीन पाहिली, पुन्हा वही. मी टेबलाखाली नखं खुडत होते. आता ओळखतील, आता माझं नाव घेतील, असं वाटत होतं. माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातच आलं नाही. ते हळूच म्हणाले, "असंल. माझ्याकडून उतरवताना चुकलं असंल. डोळे कमी झालेत."

पंधरवड्यात त्यांना जायला सांगितलं. गळ्यातलं कार्ड त्यांनी स्वतः काढून टेबलावर ठेवलं आणि वही माझ्या हातात दिली. "तू नीट बघशील. मला आता माझाच भरवसा न्हाई राहिला." मी मान हलवली. मेलीला तेवढंच जमलं.

त्यानंतर सांगायचं म्हणून कितीदा फोन लावला. लागला की तब्येत विचारायची, त्यांच्या बायकोची, काकूंची चौकशी करायची आणि ठेवायचा. आठच्या बेसमध्ये नऊ आल्यावर तो प्रोग्रॅम जसा गप बसला होता, तशी मी वर्षभर गप बसले. मग एक दिवस काकूंचाच फोन आला. सरांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचणंही.

पुढच्या रविवारी वही घेऊन लातूरला गेले. सर खिडकीपाशी खाटेवर बसले होते. डॉक्टरांनी रोज अंक वाचायला सांगितलेत म्हणून काकूंनी पाटीवर लिहून समोर धरले.

"सात... तीन... पूज्य..." सर थांबले. मान हलवून म्हणाले, "पुढचं येत न्हाई."

काकू मला म्हणाल्या, "नातवाचं नाव ध्यानात राहत न्हाई बघा ह्यांच्या. पर एक बोल सुटंना. सकाळ न्हाई, दुपार न्हाई, 'उतरवताना चुकलो, माझ्याकडून चुकलं' म्हणतेत. काय उतरवताना, कुणाला ठावं."

मी खाटेजवळ खाली बसले, वहीचं ते पान काढलं. "सर, तुम्ही नव्हता चुकलात. तुमचं उत्तर बरोबर होतं. ते मी बदललं. चूक माझी होती, सर."

त्यांनी पानाकडं पाहिलं. स्वतःचं अक्षर त्यांना ओळखू आलं नाही. मग माझ्याकडं पाहिलं. मी रडत होते, तेवढं मात्र त्यांना कळलं असावं.

"रडू नको माय," ते म्हणाले. "उतरवताना चुकलं. माझ्याकडून."

"नाही हो सर, माझ्याकडून! मी बदललं."

चांगल्या असलेल्या डाव्या हातानं त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. "असू दे. माझीच हाय."

मी तिसऱ्यांदा सांगितलं, चौथ्यांदा सांगितलं. काकू पाटी पुसायची थांबून ऐकत होत्या. त्यांना सगळं कळलं. सर तेच म्हणत राहिले. एसटीच्या वेळेपर्यंत मी तिथं बसले होते. निघताना काकूंनी वही माझ्या हातात परत दिली आणि दार लावून घेतलं.