थर्मन लेडबेटरचा तात्पुरता मुक्काम

थर्मन लेडबेटर आमच्या गावात नऊ वर्षं राहतोय. आजही कुणी विचारलं तर सांगतो, "मी अलाबामाचा. इथं ओक्लाहोमात तात्पुरता आहे."

तात्पुरता म्हणजे कसा? स्वतःचं घर आहे. त्याने लावलेलं पेकानचं, म्हणजे अक्रोडाच्या भावकीतलं, झाड छपराच्या वर गेलंय. गावाशेजारच्या फौजी छावणीतल्या तोफा सरावात धडाडल्या की नवा माणूस दचकतो. थर्मन पेपर वाचता वाचता कपाटातल्या कपबश्या पडू नयेत म्हणून त्यांना हात लावतो. पण पिकअपची नंबरप्लेट अलाबामाची, लायसन्स अलाबामाचं, आणि घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या पोटाला सामान हलवणाऱ्यांचे नंबर टाकलेले स्टिकर जसेच्या तसे. बावीस वर्षं फौज, अकरा बदल्या. "काढायचे कशाला?" म्हणतो. "परत लावावे लागतील."

शनिवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये पॅनकेक असतात, तेव्हा आम्ही त्याची यथेच्छ खेचतो. त्याच्या तक्रारी ठरलेल्या: इथली माती लाल, वारा आगाऊ, बार्बेक्यूचा सॉस चुकीच्या रंगाचा. त्याच्याकडे म्हणे तो पांढरा असतो.

"मग जा की बाबा!"

"पुढच्या वर्षी."

तिथंच कोपऱ्यात माझं टेबल असतं. मी फौजेत चार वर्षं ट्रक चालवला. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण सैनिकांच्या सवलतींचे नियम लाँड्रीत कपडे वाळेपर्यंत बसून पाठ केलेत. कुणाचा अर्ज परत आला की माझ्याकडे येतो. ऑगस्टमध्ये थर्मनची मुलगी विनेट आली. एकोणीस वर्षांची, नर्सिंगला प्रवेश मिळालेली, आणि हातात कॉलेजचं पत्र: बाहेरच्या राज्यातली विद्यार्थिनी, फी तिप्पट, शुक्रवारी चारपर्यंत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

"मिस इर्मा, चौथीपासून मी इथंच शिकले. बाहेरची कशी?"

माझं डोकं सटकलं. सोमवारी कॉलेजच्या खिडकीवर जाऊन दोन्ही हात आपटले. "ज्या माणसाने बावीस वर्षं देशाची चाकरी केली, त्याची पोर तुम्हाला परकी वाटते?"

खिडकीतल्या बाईने अर्ज फिरवून माझ्यासमोर धरला. वडिलांचा कायमचा पत्ता: पाइन हॅरो, अलाबामा. थर्मनचं ठसठशीत अक्षर. फौजेत प्रत्येक फॉर्मवर भरती झालो तेव्हाचं घर लिहायचं असतं. बावीस वर्षांत त्याच्या हाताला दुसरं वळणच नव्हतं.

मी हात गुपचूप मागे घेतले. आपलंच माणूस गाढव निघालं की भांडायला फार अडचण होते.

"सैनिकांच्या मुलांसाठी सवलत आहे," बाई म्हणाली. "वडिलांनी लिहून द्यायचं की आम्ही याच राज्यात राहणार आहोत. सोबत त्यांचं इथलं लायसन्स. पण शुक्रवारी चारच्या आत."

मला वाटलं, झालं काम. थर्मनचा स्वभाव विसरलेच होते मी.

"सही करणार नाही," तो म्हणाला. बुधवारी त्याच्याच स्वयंपाकघरात बसलो होतो आम्ही.

"का?"

"कारण ते खोटं आहे. मी इथं राहणार नाहीये. आजवर खोट्या कागदावर सही केलेली नाही, मॅम."

"पोरीचं वर्ष जाईल, सार्जंट!"

"तिने अलाबामात शिकावं. माझ्या भावाकडे राहील."

विनेट सिंकपाशी भांडी पुसत होती. "डॅडी, पाइन हॅरोत माझी ओळख एकाशीच होती. आजीच्या कुत्र्याशी. तोही गेला."

आम्हाला दाखवून द्यायचं म्हणून थर्मनने भावाला फोन लावला, आवाज मोठा करून. "रॉयस, विनेट तिकडे आली तर माझी खोली आहेच ना?"

"तुझी खोली? अरे, तिथं माझा हरणाच्या मटणाचा फ्रीझर आहे. सात वर्षं झाली. तू येतोस तेव्हा सोफ्यावर झोपतोस ना?"

"मला वाटलं, खोलीला रंग देताय."

"सात वर्षं रंग? आणि तू येणार म्हटलं की आई पाहुण्यांच्या बश्या काढते. निळ्या फुलांच्या. मला कधी दिल्यात का त्या?"

थर्मनने फोन ठेवला. माझ्या जिभेवर टोमणा तयार होता. गिळला. असं क्वचितच घडतं.

"निळ्या फुलांच्या," तो म्हणाला, आणि उठून अंगणात गेला.

गुरुवार कोरडा गेला. शुक्रवारी एक वाजता त्याने माझ्या दारात हॉर्न वाजवला. विनेट शेजारी बसलेली. "लायसन्सचं ऑफिस कुठंय, मॅम?"

नऊ वर्षं इथं राहून हा प्रश्न! मी मागे चढले. रांगेत दीड तास गेला. फोटोवाली पोरगी म्हणाली, "हसा जरा." थर्मन म्हणाला, "कशाबद्दल?" लायसन्स घेतलं, लगेच नवी नंबरप्लेटही घेतली.

कॉलेजच्या खिडकीवर पोचलो तेव्हा चाराला वीस मिनिटं होती. त्याने कागद तीनदा वाचला. "'राहू इच्छितो' जरा जास्त नाही होत?"

"सार्जंट!"

तो विनेटकडे वळला. ती नख खात होती. "तुला इथंच राहायचंय?"

"मी इथंच राहते, डॅडी."

त्याने सही केली. खाली पत्ता लिहायचा होता. पेन 'पाइन'पर्यंत गेलं आणि थांबलं. खिडकीतली बाईही थांबली. थर्मनने त्यावर एकच सरळ रेघ मारली, शेजारी आद्याक्षरं टाकली, आणि खाली इथला पत्ता लिहिला: मेस्किट स्ट्रीट, घर नंबरासकट.

"हे खरं आहे," तो म्हणाला. बाईने शिक्का मारला. विनेट त्याच्या दंडाला लटकली. त्याने लटकू दिलं.

बाहेर जुन्या नंबरप्लेटचे स्क्रू गंजून बसले होते. अर्धा तास झटापट चालली.

"अलाबामा सोडत नाहीये तुला," मी म्हटलं.

"पक्कड द्या, मॅम."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये एक नवा गडी बसला होता, नुकताच बदलून आलेला. त्याने थर्मनला विचारलं, "तुम्ही कुठले, सर?"

सगळ्या टेबलांवरचे काटे थांबले. थर्मनने आमच्यातल्या एकेकाकडे पाहिलं.

"मेस्किट स्ट्रीटचा," तो म्हणाला. "सिरप इकडे सरकव."