संडासाची टाकी कशानं धुवायची

आमच्या अख्ख्या खानदानात पहिली ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी., केमिस्ट्री. हे मी कुणालाही मान वर करून सांगते, सांगायला लाजत नाही. पण त्याचा एक त्रास आहे. घरात काहीही ओतायचं, मिसळायचं किंवा घासायचं असलं की सगळे मला फोन करतात. टाईल्स पिवळ्या पडल्या, ताई. तांब्याला हिरवं आलं, ताई. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या कंपनीत रंगांची तपासणी करते, पण घरच्यांच्या लेखी केमिस्ट्री म्हणजे केमिस्ट्री.

त्या दिवशी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, संडासाची टाकी कशानं धुवायची?"

"बिल्डिंगची?"

"नाय गं. गाडीची."

भाऊ डोंबिवलीजवळच दिव्याला राहतो, टुरिस्ट गाड्या चालवतो. आई त्याच्याकडे असते. त्याने एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि कल्याणजवळच्या एका गॅरेजात तिच्यात झोपायला बर्थ, छोटा ओटा आणि मागे संडास बसवून घेतला. फॅमिल्यांना कोकणात फिरवायला भाड्याने द्यायची, हा धंदा. संडासाचं सगळं गाडीच्या पोटाखालच्या एका काळ्या प्लास्टिकच्या टाकीत जमा होतं. बाजूला एक दांडा आहे. तो ओढला की टाकी पाइपातून रिकामी होते. म्हणजे व्हायला हवी.

अलिबागला घरच्याच सगळ्यांना घेऊन एक ट्रायल ट्रिप झाली. नंतर गाडी बरेच दिवस बिल्डिंगसमोर उन्हात उभी राहिली. मग दांडा ओढला, तर थोडं पाणी आलं आणि बाकी सगळं आतच. वास असा, की समोरच्या किराणावाल्याने भावाला बोलावून गाडी थोडी पुढे घ्यायला सांगितली.

एरवी मी म्हटलं असतं, बघ तुझं तू. पण त्या गाडीत आई बसणार होती.

आईची थोरली बहीण संगमेश्वराकडे गावी असते. अंथरुणाला खिळलेली, आणि आता माणसं विसरायला लागलेली. आधी दोघींचं फोनवर तरी बोलणं व्हायचं. हल्ली मावशी फोन कानाला लावून नुसती गप्प राहायची, की आई इकडे डोळे पुसायची. तरी जायचं नाव काढत नव्हती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला खाली बसता येत नाही आणि लघवी धरवत नाही. एसटीने निघायचं म्हणजे ही आदल्या दिवसापासून पाणी बंद करायची. एकदा तर निघायच्या आधीच दारात चक्कर येऊन पडली. त्यानंतर "मला नको गो कुठे नेऊ" हेच सुरू. ही गाडी तयार झाली, तेव्हा तिने आतलं कमोड बघितलं, दांडीला धरून बसून बघितलं आणि म्हणाली, "ह्यातनं मी येईन." इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली.

आणि आता वास. आई गाडीत एक पाय ठेवून परत उतरली होती. "देवीच्या ओटीचं सामान ह्या वासात ठेवू? आणि बहिणीच्या दारात अशी घमघमत उतरू? नको." पुढच्या आठवड्यापासून गाडीची बुकिंगं होती. जे करायचं ते त्याच्या आत.

मी गेले. गाडीपाशी भाऊ, भावजय आणि खुर्ची टाकून बसलेली आई. मी विचारलं, आतापर्यंत काय काय टाकलंय?

"ॲसिड," भाऊ म्हणाला. "बाथरूमचं असतं ना, ते."

"आणि मी फिनेल टाकलं," भावजय म्हणाली. "पूर्ण कॅन. वास जाईल म्हटलं."

"फिनेलचा वास येतोय की."

"त्याचाही येतोय आणि त्याचाही येतोय, ताई. हेच तर झालंय."

"ब्लीचिंग पावडर टाकली नाही ना कुणी?"

"आता टाकणार होतो," भाऊ म्हणाला.

मी दोघांना बिल्डिंगच्या भिंतीपर्यंत मागे सारलं. ॲसिडवर ब्लीच पडलं तर विषारी वायू होतो, हे मला नक्की माहीत होतं. त्या आठवड्यात मला नक्की माहीत असलेली गोष्ट ही एवढीच.

मी मोबाईलवर वाचायला बसले. परदेशात अशा गाड्या खूप, त्यामुळे सल्लेही खूप. एक म्हणे टाकीत बर्फाचे खडे भरा आणि गाडी पळवा, बर्फ आतून घासून काढतो. दुसरा म्हणे बर्फाने काही होत नाही, उगाच समाधान. एकजण गरम पाणी आणि धुण्याचा सोडा सांगतो, दुसरा लिहितो की गरम पाण्याने प्लास्टिक वाकतं. ॲसिडने दांड्याचं रबर खराब होतं. ॲसिडच सगळ्यात बेस्ट. जंतूंची पावडर टाका, ते मैला खातात. पावडर टाकू नका, पैसे खातात. प्रत्येकाच्या खाली शंभर जणांनी 'धन्यवाद, टाकी साफ झाली' म्हणून लिहिलेलं.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"सगळे सगळं म्हणतायत."

"शेण टाक," आई म्हणाली. "गावाला नवीन टाकी बांधली की पहिलं शेणाचं पाणी सोडतात. मग कधी वास नाही."

भाऊ हसला. "आई, गाडीच्या टाकीत शेण? म्हणजे जे आहे ते कमी पडतंय काय?"

"हस मेल्या. तुझ्या ॲसिडनं काय उजेड पाडलान?"

खरं तर आईचं म्हणणं खोटं नव्हतं. शेणातही जंतूच असतात, पावडरीतही जंतूच. म्हणून मी ती जंतूंची पावडर आणली. आणली आणि पुडी फोडताना थांबले. आत ॲसिड, वर फिनेल. ह्यात जंतू जगणार कसे? आधी ॲसिड किती उरलंय ते बघायला हवं. मी कंपनीतून आम्लता मोजायच्या कागदाच्या पट्ट्या घेऊन आले. दांडा जरासा ओढून थेंबभर पाणी पट्टीवर घेतलं. पट्टी लाल व्हायला हवी किंवा निळी. ती झाली तपकिरी. त्या पाण्याचाच रंग चढला तिच्यावर. दुसरी घेतली, तीही तपकिरी. मी ती पट्टी उजेडात धरून किती वेळ बघत होते कुणास ठाऊक.

"काय निघालं रिपोर्टात?" भाऊ.

"गप रे."

गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, हम फिटिंग करता है, सफाई का आयडिया नहीं." निदान खरं तरी बोलला.

मग मी म्हटलं, निदान आतून बघू तरी. नाकाला ओढणी बांधून गाडीतल्या संडासात शिरले आणि कमोडच्या भोकातून टॉर्च मारला. खाली बरोबर मधोमध ढीग. सुकलेला, वारुळासारखा, आणि कडेला जवळजवळ काहीच नाही. मान वर केली तर समोर भिंतीवर भावजयीने चिकटवलेला कागद: 'पाणी जपून वापरा.' खाली एक छोटा प्लास्टिकचा मग.

मी बाहेर आले. "अलिबागला किती पाणी टाकत होतात प्रत्येक वेळी?"

"घरी टाकतो तेवढंच," भावजय म्हणाली. "अर्धा मग. आईंनी तर त्याहून कमी."

दिव्यात राहणाऱ्या माणसाला ह्यात काही चूक दिसणारच नाही. तिथे नळाला पाणी आलं तर आलं, नाहीतर टँकर. भाजी धुतलेलं पाणी कुंडीत, कपड्यांचं पाणी संडासात, आणि पाहुणा बाथरूममध्ये गेला की घरातले सगळे बाहेरून कान लावून बादलीचा आवाज ऐकतात. माझंही बालपण ह्यातच गेलंय. मी डोंबिवलीत राहूनही नळ बारीकच सोडते. आणि ह्या टाकीला हवं होतं नुसतं पाणी. भरपूर, काठोकाठ, दोन दिवस भिजत ठेवायला. निदान मला तरी तसं वाटलं. खात्री कुठे होती?

मी सांगितलं, तशी आईने मान हलवली. "नाही. बिल्डिंग पाण्याला रडतेय आणि माझ्या एकटीच्या जाण्यासाठी घाणीत पाणी ओतायचं? माझ्याच्यानं बघवणार नाही. राहू दे. मी जात नाही."

"आई, मावशी..."

"मावशीला कळतंय कुठे आता कोण आलं आणि कोण गेलं."

हे ती बोलली आणि स्वतःच खाली बघत राहिली. भाऊ मला म्हणाला, "ताई, तू सांग काहीतरी." मी चांगली नोकरी करणारी, चार जणांना समजावणारी बाई, पण आईला पाणी ओतायची परवानगी कुठल्या तोंडाने मागायची ते कळेना. शेवटी म्हटलं, बोअरचं घेऊ. बिल्डिंगच्या बोअरचं पाणी खाडीमुळे खारट, प्यायला नाही आणि आंघोळीलाही नाही. आई हो म्हणाली नाही, पण उठून आतही गेली नाही.

चेअरमनकाका खाली आले. पाइप बघून म्हणाले, "सेप्टिक टँकला आंघोळ घालताय? आणि उद्या हे आमच्याच टाकीत सोडणार ना? मेंटेनन्स वेगळा लावू काय?" पण बोअरचा पंप त्यांनीच चालू करून दिला.

टाकी भरली. दोन दिवस भिजत ठेवली. त्या पाण्यात मी सोडा टाकला, भावजयीने मला न विचारता भांड्याचा साबण टाकला, आणि शेवटी पावडरही मीच टाकली, कारण आणलेली होती. मग भावाने भरल्या टाकीसकट गाडी शीळ फाट्याच्या रस्त्याने नेऊन आणली. जाताना एकही खड्डा चुकवू नकोस, असं मी त्याला बजावलं होतं. परत येऊन बिल्डिंगच्या चेंबरला पाइप लावून दांडा ओढला. आधी काहीच नाही. मग आत काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला, पाइप उडाला, आणि आम्ही तिघंही ओरडलो.

टॉर्च मारला तर ढीग नव्हता. वास होता, पण कमी. पाण्याने गेलं, सोड्याने, साबणाने, का खड्ड्यांनी, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यात टाकी भरल्याचा लाल दिवा रिकाम्या टाकीवरही लागलेलाच होता. भाऊ म्हणाला, "ताई, रिकामी आहे का भरलेली?" मी म्हटलं, "डोळ्यांनी बघितलीस ना? मग दिव्याकडे बघू नकोस." तरी गावाला जाताना वाटेत मी स्वतःच तीनदा त्या दिव्याकडे बघितलं.

आई आली. ओटीचं सामान मांडीवर घेऊन बसली, गाडीत कुठे ठेवलं नाही. माणगावच्या अलीकडे म्हणाली, "थांबव." भावाने गाडी बाजूला घेतली. मी बाहेर उभी. आतून ती म्हणाली, "किती ओतू गो?" "अख्खी बादली," मी म्हटलं. मग पाण्याचा आवाज आला, थांबला, आणि परत आला.

मावशीने तिला आधी ओळखलंच नाही. दोघींच्या मेलेल्या आईच्या नावाने हाक मारली. आईने दुरुस्त केलं नाही, 'ओ' दिली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. संध्याकाळी पेज भरवताना मावशी एकदम म्हणाली, "एवढे दिवस कुठे होतीस गो बाय?" आईकडे बघूनच म्हणाली, धाकट्या बहिणीला म्हणायची तसं. निदान आईचं तसं म्हणणं आहे.

अंगणात भाऊ माझ्याजवळ आला. "परवा बुकिंग आहे. उद्या सकाळी निघायचं ना?"

आतून आई म्हणाली, "तुम्ही जा. मला न्यायला नंतर या."

"नंतर म्हणजे कधी?" भावाने मला विचारलं. "आणि टाकी इथे कुठे सोडू? भरलीय ती."

मी म्हटलं, "आधी तिला पेज भरवू दे."