कुलूप ज्याचं, चावी त्याची

आमच्या आण्णांना देवाखालोखाल कशाचा आदर असेल, तर तो मेंटेनन्सच्या लाल कुलपाचा. आण्णा म्हणजे माझे वडील. निघोज्याचे शेतकरी, आणि निवृत्त होईपर्यंत चाकणच्या एका कंपनीत फिटर. मशीनच्या आत शिरून काम करायचं, तर आधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, त्यावर स्वतःच्या फोटोची लाल पाटी लटकवायची आणि चावी खिशात टाकायची. म्हणजे आत माणूस असताना बाहेरून कुणी बटण दाबू शकत नाही. कुलूप ज्याचं, चावी त्याची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

एकदा काम उरकल्यावर आण्णा कुलूप काढायचंच विसरले आणि चावीसकट चुलतभावाच्या पोरीच्या हळदीला गेले. इकडे मशीन ठप्प. कंपनीची जीप थेट मांडवात आली. साहेब म्हणाले, "चावी द्या." आण्णा पिवळ्याधमक तोंडानं म्हणाले, "चावी द्येता येत न्हाई साहेब, मलाच यावं लागंल." आणि तसेच पिवळे जीपमध्ये बसले. चूक शंभर टक्के त्यांचीच होती, पण सांगताना छाती अशी फुगते, की जणू सत्कारालाच नेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आण्णांना चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायला लागली. रक्त तपासलं, मग हाडाच्या आतली मज्जा तपासली. हा रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार आहे, असं चिंचवडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा मी रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. आण्णा भिंतीवरच्या एसीकडे कान लावून बसले होते. "बेअरिंग ग्येलंय त्येचं," म्हणाले.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान, पण समजावून सांगायची हौस दांडगी. "काका, प्रत्येक पेशीत सगळ्या सूचनांची अख्खी वही असते. त्यातलं कुठलं पान वाचायचं आणि कुठलं नाही, हे पानांवर चिकटलेल्या बारीक रासायनिक खुणांवर ठरतं. रक्ताच्या कोवळ्या पेशींना मोठं करणारी जी पानं, नेमक्या त्यांच्यावर तुमच्याकडे 'बंद'च्या खुणा बसल्यात. पेशी जन्माला येतात, पण मोठ्याच होत नाहीत."

"म्हंजी ट्रेनी," आण्णा म्हणाले. "भरती व्हत्यात, पर्मनंट व्हत न्हाईत. आमच्या कंपनीत बी ह्योच रोग हाय."

"अगदी तसंच! आपण इंजेक्शन देऊन त्या खुणा काढायच्या. दर महिन्याला सात दिवस, पोटावर."

इथवर सगळं सुरळीत होतं. मग मी तोंड उघडलं. म्हटलं, आण्णांना त्यांच्या भाषेत सांगावं. "आण्णा, तुमच्या लाल पाटीसारखंच आहे हे. मशीन धड आहे, कुणीतरी कुलूप घालून ठेवलंय. ते काढायचं."

आण्णा ताठ बसले. "कुणी घातलंय?"

"वयानं होतं असं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग त्या वयाला बलवा. कुलूप ज्याचं, चावी त्याची." आणि उठून चालते झाले. माझ्या जिभेला काही हाड म्हणून नाही.

पहिल्या इंजेक्शनच्या सकाळी मी काळेवाडीच्या माझ्या घरून निघाले आणि तळवड्याच्या कोंडीतून कशीबशी निघोज्याला पोचले, तर घराच्या लोखंडी फाटकाला लाल कुलूप! वर पाटी. पाटीवर तिशीतले आण्णा, मिशांना पीळ दिलेला, आणि खाली लिहिलेलं: 'धोका. चालू करू नये.' खरे आण्णा आत ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले, चावी बंडीच्या खिशात. आई आतून फाटकाशी उभी होती. "पहाटपासनं ह्येच चाललंय," ती म्हणाली. "दुधाची पिशवी बी गजातनं घेतली म्या."

मला राग आला की मी आजूबाजूला बघत नाही. "आण्णा, मरायचंय का तुमाला?" मी असं ओरडले, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबली. शब्द तोंडातून गेला आणि मी गज धरून रडायलाच लागले. मला माझे वडील हवे होते, बाकी काही नाही.

डोळे पुसून डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू करून फाटकाच्या गजांतून आत धरला. सगळा प्रकार ऐकून त्या म्हणाल्या, "काका, आपण कुणाचं कुलूप तोडत नाही. पेशीपासून नवी पेशी झाली, की जुन्या खुणा तिच्यावर उतरवणारा एक कामगार असतो. इंजेक्शन त्यालाच अडकवून ठेवतं. मग नव्या पेशी हळूहळू खुणांशिवाय यायला लागतात. म्हणून तर इतके महिने लागतात."

"म्हंजी पाटीवाल्यालाच धरायचा," आण्णा म्हणाले. युक्ती त्यांना आवडलेली दिसली, पण ते उठले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "पर बाय, कुलूप कुणी उगं लावत न्हाई. आत मानूस असतो म्हणून लावत्यात. तुमी मशीन चालू क्येलं, अन् आत मीच असलो तर?"

मी फोन गजांतून मागे घेतला. इतके दिवस मी त्यांना हट्टी म्हणत होते, आणि ते घाबरलेले होते. आण्णांना घाबरलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं, मग ओळखणार कशी?

आई ओट्यापाशी गेली. "अवो, आत तुमीच हाय. तुमी भायेर यावं म्हणूनच समदं चाललंय. द्या चावी."

"चावी द्येता येत न्हाई."

"ठावं हाय. मग तुमीच या."

आण्णा उठले. त्यांनी कुलूप काढलं, फाटक सताड उघडलं आणि तेच कुलूप पाटीसकट उघड्या फाटकाच्या गजाला परत लावलं. चावी मात्र आईच्या हातात ठेवली. "मी भायेर येईस्तवर कुनाला द्यायाची न्हाई," म्हणाले. आईनं ती पदराच्या गाठीत बांधली.

सहा महिने ते कुलूप तिथं लटकत होतं. पोस्टमनपासून सगळ्यांनी विचारलं, उघड्या फाटकाला कुलूप कशाला? आण्णा म्हणायचे, "काम चालू हाय." पोटावर जांभळे डाग पडले, उलट्या झाल्या, तोंडाची चव गेली. मग एक दिवस रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई हसल्या. "काका, ट्रेनी पर्मनंट व्हायला लागलेत. पण इंजेक्शनं थांबवायची नाहीत हं."

आण्णांनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. घरी पोचल्यावर त्यांनी फाटकाशीच आईपुढे हात पसरला. "आण ती चावी. काढतो आता कुलूप."

आईनं पदर कमरेला खोचला. "न्हाई," ती म्हणाली. "मानूस अजून आत हाय."