बाप असताना काढलेली मिशी

वासुदेव सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सर दिसलेच नाहीत, दिसला तो नुसता फेस. दिग्रसच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. भाड्याच्या खोलीच्या मागच्या दाराने सकाळी नळावर गेले, तर शेजारच्या ओट्यावर एक माणूस बसलेला. गाल, हनुवटी, गळा, मिशी, सगळं पांढरंफेक. त्या पांढऱ्यातून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. हातातली बादली सुटली आणि मी "अगं बाई!" म्हणून किंचाळले. फेसाला तोंड फुटलं. आतून आवाज आला, "भिऊ नका बाई, मानूसच हाय. दाढी करून राह्यलो."

हे आमचे चित्रकलेचे सर. त्यांची दाढी हा आमच्या चाळीचा रोजचा सोहळा होता. आधी ब्रश गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, मग तो झटकायचा, इतका की त्यातून पाणी गळता कामा नये. मग अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत साबणाच्या वडीवर तो फिरवत बसायचं. मध्येच बोटाने पाण्याचा थेंब सोडायचा, पुन्हा फिरवायचं. माझं सगळं पाणी भरून होई तरी यांचा फेस चाललेलाच. मला असल्या संथपणाचा राग येतो. मी म्हणायची, "सर, दाढी आहे की लग्नघरची रांगोळी?" ते मान वर न करता म्हणायचे, "घाई केली का नुसते बुडबुडे येते बाई. बोंड फुटू द्या, मंग येचाले जा." वर्गात पोरं रंग घाईने फासू लागली की त्यांनाही हेच सांगत, आणि पोरांना ते चटकन कळे, कारण निम्मी पोरं सुटीच्या दिवशी कापूस वेचायला जायची.

फेस जमला की तो वाटीत घट्ट उभा राही. मग तो सगळ्या चेहऱ्यावर चढे, मिशीवरसुद्धा. वस्तरा हातात घेण्याआधी सर ओल्या बोटाने मिशी तेवढी पुसून मोकळी करत, आणि ती काळीभोर, भरघोस मिशी फेसातून वर येई. जी काढायचीच नाही तिला फेस कशाला, असं मी एकदा विचारलं. "तिलेही वाटलं पाह्यजे ना, का आपन घरातलेच होय," ते म्हणाले. मी हसले. त्यात हसण्यासारखं फार नव्हतं हे मला नंतर कळलं.

आमच्याकडे मुलगा मिशी उतरवतो ती बाप गेल्यावर. बाप जिवंत असताना मिशीला वस्तरा लावणं म्हणजे अभद्र, बापाचं मरण चिंतणं. सरांचे वडील मुकुटबनजवळच्या एका खेड्यात, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कापसाची शेती करत होते. सर कुणब्याच्या घरातले, त्यांची बायको रंजना बौद्ध घरातली. या लग्नापायी वडिलांनी त्यांना घराबाहेर काढलं होतं आणि वर बजावलं होतं, "माह्या मयतीलेही येऊ नको." त्याला बरीच वर्षं झाली होती. सर येणाऱ्याजाणाऱ्याकडे निरोप पाठवत, तिकडून कधी काही येत नसे. हे सगळं त्यांनी मला ब्रश फिरवता फिरवता सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाची हकिगत. रंजना अंगणवाडीत होती आणि तिची जीभ माझ्यासारखीच धारदार. ती आतून म्हणाली, "याईले अजून वाटते, बाबा बलावतीन. मले नाई वाटत."

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडात अळी, बाजारात कापसाला कोणी विचारत नव्हतं, आणि तरी माणसं पाठीवर पंप बांधून भर उन्हात फवारत होती. फवारता फवारता माणूस चक्कर येऊन पडे, डोळ्यांपुढे अंधारी येई, तोंडातून फेस जाई. मग बैलगाडी, जीप, मिळेल त्यातून यवतमाळचा दवाखाना. कितीतरी जण परत आलेच नाहीत. शेवटी असं झालं की 'फवारणीवरून यवतमाळला नेलं' एवढं ऐकलं की लोक पुढचं वाक्य स्वतःच पूर्ण करत. मोबाईल तेव्हा खेड्यांत पोचले नव्हते. निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर येत, एकाकडून दुसऱ्याकडे.

तसा एक निरोप दिग्रसच्या स्टँडवर उतरला: मास्तरचे वडील फवारणीत गेले.

मी सकाळी नळावर गेले तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सर ओट्यावर बसले होते, नेहमीसारखी वाटी पुढ्यात. त्यांनी वर पाहिलं आणि मी जागच्या जागी थिजले. मिशी नव्हती. ओठाच्या वरची ती कातडी इतकी फिकी आणि उघडी दिसत होती की मला मान फिरवावीशी वाटली. डोकं दहाव्याला उतरवायचं असतं, पण मिशी त्यांनी तेव्हाच काढली होती, आपल्याच हाताने. काय झालं हे मला विचारावंही लागलं नाही.

आतून रंजना त्यांच्याशी भांडत होती. त्या घरात भांडण मी पहिल्यांदाच ऐकत होते. "जा तुम्ही. मी येत नाई, पन तुम्ही जा. मेलेल्या मानसाचा कायचा राग?"

"राग नाई वो," सर म्हणाले. "जित्तेपनी त्याईचं आयकलं नाई. आता तं आयकू दे."

आणि ते खरंच गेले नाहीत. बापाने येऊ नको म्हटलं होतं म्हणून मुलगा दिग्रसच्या भाड्याच्या खोलीत सुतक धरून बसला. शाळेत प्रार्थनेच्या वेळी दोन मिनिटं शांतता पाळली. शेजारधर्म म्हणून मी पिठलं-भाकरी करून दिली. मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर संताप आला होता. मेल्यावरही माणसाने एवढं ऐकवावं?

रविवारी दुपारी चार माणसं भेटायला आली होती. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन बाहेर येत होते. तेवढ्यात गल्लीत ऑटो थांबला. त्यातून एक वाळलेला म्हातारा काठी टेकत उतरला. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, मनगटावर सलाईनची पट्टी तशीच चिकटलेली. ओट्यासमोर उभा राहून त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोन मेलं बे अठी?"

सर उठून उभे राहिले होते. मी चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला.

म्हाताऱ्याची नजर सरांच्या ओठावर खिळली. "कोनासाठी काहाडली?"

"तुमच्यासाठी, बाबा."

"मी जित्ता असताना?" म्हातारा कडाडला, पण आवाजात जोर नव्हता, त्याला धाप लागली. "दवाखान्यात बाजूच्या खाटेवरचा मानूस तुह्या दिग्रसचा. थो मले सांगून राह्यला, आमच्या ड्रॉइंग मास्तरचा बाप मेला म्हने, मुकुटबनकडचा. माह्या मरनाची खबर मलेच देते लेकाचा! अन् मी मेलो होतो तं गावाले काहून नाई आला बे?"

"तुम्हीच म्हनलं होतं. मयतीले येऊ नको."

म्हातारा मटकन ओट्यावर बसला. भेटायला आलेली माणसं हळूच चपला घालून निघून गेली, जिवंत माणसासमोर त्याच्याच मरणाचं सांत्वन कसं करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. रंजना पाण्याचा तांब्या घेऊन आली. सासऱ्याला ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. तिने तांब्या पुढे केला नाही, धरून ठेवला. "मामाजी, पानी आनलं. माह्या हातचं चालन का?"

"दवाखान्यात मी शुद्धीवर नोतो," म्हातारा म्हणाला. "कोनाकोनाच्या हातचं पेलो, मले ठाव नाई. आन."

पाणी पिऊन झाल्यावर त्याने निकाल दिला. बाप जिवंत आणि मुलाच्या तोंडावर मिशी नाही, हे अभद्र आहे. लोक बघतील तेव्हा बापाला मेलेलाच समजतील. तेव्हा मिशी येईपर्यंत आपण इथून हलणार नाही. "दिसू दे लोकाईले, बाप हाय म्हनून," तो म्हणाला आणि रंजनाने टाकलेल्या सतरंजीवर आडवा झाला.

मग दिग्रसने असा प्रकार पाहिला की आजही कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. सर बाजारात निघाले की म्हातारा बरोबर. भाजीवाली सरांच्या ओठाकडे बघून चुकचुकायला लागली की हा काठी आपटून म्हणे, "मी होय याचा बाप. जित्ता हावो." शाळेच्या फाटकाशी उभा राहून त्याने हेडमास्तरांनाही हेच सांगितलं. पोरं खुदुखुदु हसत. घरी तो रंजनाच्या हातची भाकरी खाई आणि तिच्याशी तिच्याच तोडीने भांडे, कधी मिठावरून, कधी ती त्याच्या गोळ्या मोजून देते यावरून. रंजना मला म्हणाली, "बाई, हे खटलं हलनार नाई असं दिसते." तक्रार करत होती, पण नवं पातळ नेसून करत होती.

आठवडे गेले. मिशी काही येईना.

माझ्या लक्षात यायला उशीरच झाला. एके सकाळी मी नळावर होते. सरांनी फेस केला, चेहऱ्यावर चढवला, ओठावरही दाट लावला. आता बोटाने ओठ पुसून घेतील, म्हणून मी बघत होते. त्यांनी पुसला नाही. आतल्या सतरंजीकडे एक नजर टाकून त्यांनी वस्तरा उचलला आणि ओठावरून सरळ फिरवला.

बापासाठी एकदा काढली होती, ती चुकीने. हे तर जाणूनबुजून, रोज, आतमध्ये बाप झोपलेला असताना! मी संस्कारांचं फार स्तोम माजवणारी बाई नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले, हातात वस्तरा तसाच.

"कोनाले सांगू नका बाई. मिशी आली का बाबा जाते."

मी कोणालाच सांगितलं नाही. उलट म्हातारा समोर आला की मलाच चोरट्यासारखं होई. एकदा तो माझ्याजवळ कुरकुरला, "या पोट्ट्याच्या ओठावर काईच उगवत नाई वो बाई. माह्या वावरासारखं झालं." मी मुकाट्याने बादली भरत राहिले. त्याचे डोळे मिस्कील होते का, हे बघायची माझी हिंमत झाली नाही.

पण त्याला ठाऊक होतं. एका सकाळी तो लवकर उठला आणि येऊन मुलासमोर ओट्यावरच बसला. सर फेस करत होते. त्यांचा हात थबकला.

"येऊ दे रे आता मिशी," म्हातारा म्हणाला. "मी कुठीसाच नाई जाऊन राह्यलो."

फेस वाटीत बसून गेला, विरघळला, तरी ते दोघं तसेच बसले होते. मी बादली तशीच टाकून घरात आले. दुसऱ्या दिवशी सरांनी फेस लावल्यावर ओल्या बोटाने ओठ पुसून घेतला.

मिशीची नुसती सावली दिसायला लागली होती. त्या सकाळी म्हाताऱ्याने रंजनाकडे चहा मागितला, अर्धा प्यायला, छातीवर हात ठेवला आणि बसल्या जागी कलंडला. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. फवारणीचं विष त्याच्या अंगात कुठेतरी दबा धरून बसलं होतं असं मला आजही वाटतं, डॉक्टर काही म्हणोत. मी दारात उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, कुठीसाच नाई जाऊन राह्यलो. असा दगा माणूस देऊच कसा शकतो?

निरोप गेला, पण या खेपेला गावाने त्यावर विश्वास ठेवला नाही. "पक्कं का?" असं दोनदा उलट विचारून मगच जीप भरून माणसं आली. त्यात म्हाताऱ्याचे एक धाकटे भाऊ होते, सरांचे काका, फेटा बांधलेले. रंजनाच्या उंबऱ्याच्या आत ती माणसं आली नाहीत, अंगणातच उभी राहिली. उचलायची वेळ झाली तेव्हा काका म्हणाले, "वासुदेवा, मिशी."

सर ओट्यावर बसले. ब्रश पाण्यात बुडवला, झटकला, साबणावर फिरवायला लागले. ओठावर काढण्यासारखं होतंच काय? चार दिवसांचे खुंट. तेवढ्यासाठी ते फेस करत राहिले. फेस झाला, उभा राहिला, वाटीतून बाहेर यायला लागला, तरी ब्रश थांबेना. बोलावलेला न्हावी हात मागे बांधून उभा होता. "मास्तर, बस झालं," तो म्हणाला. सरांना ऐकूच गेलं नाही. त्यांचा सगळा हात हलत होता आणि चेहरा मात्र दगडासारखा.

रंजना घरातून बाहेर आली. पदर खोचून ती त्यांच्यासमोर खाली बसली, त्यांच्या मुठीतून ब्रश सोडवला आणि त्यांच्या ओठावर फेस लावला. मग तिने वस्तरा उचलला. अंगणातली कुजबुज एकदम थांबली. बाईमाणसाने वस्तरा धरायचा, तोही या प्रसंगी, आणि ते या बाईने! मी काकांकडे पाहिलं. आता हा माणूस तोंडातून काय काढतो याची मला भीती वाटली. काका पुढे झाले. रंजनाने डाव्या हाताने नवऱ्याची हनुवटी वर केली आणि वस्तरा ओठाला टेकवला.

"हळू चालव, सूनबाई," काका म्हणाले. "थो थरथरून राह्यला."